शाळेच्या भिंतीवर पुराची रेघ: पहिल्या अर्जापासून शेवटच्या हातापर्यंत

कृष्णाकाठच्या माझ्या माहेरगावी, जिल्हा परिषदेच्या शाळेच्या कुंपणभिंतीवर, २००५, २०१९ आणि २०२१ या तीन पुरांची पातळी दाखवणारं चित्र आम्ही फेब्रुवारी २०२५ मध्ये पुरं केलं. पहिला अर्ज लिहिला तो ऑगस्ट २०२४ मध्ये. रंगाचं काम काही आठवड्यांचं. बाकी सगळा वेळ कागद, बैठका आणि वाट बघण्यात गेला. मी एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, केलेली चित्रकलेची शिक्षिका आहे. कॅनव्हास, कागद, रांगोळी यांची सवय होती, पण दुसऱ्याच्या मालकीच्या भिंतीला हात कसा लावायचा हे सांगणारं कुणी भेटलं नव्हतं. तुमच्या मनात अशी एखादी भिंत असेल तर हे उपयोगी पडेल.

आधी हेच चित्र का, ते सांगते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तिथली धोका पातळी ४५ फूट. आमच्या गावात पाणी चढत असताना कितीतरी घरांतली माणसं निघाली नाहीत, आणि कारण प्रत्येकाचं एकच: "२००५ ला आपल्या दारात आलं नव्हतं, आता कशाला येतंय?" २००५ चा पूर त्यांनी डोळ्यांनी बघितला होता, म्हणून त्यावर त्यांचा विश्वास होता. शेवटी जनावरं सोडून होडीत बसायची वेळ आली. दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा पाणी. आता शाळेत येणाऱ्या पहिली-दुसरीच्या मुलांना यातलं काहीच आठवत नाही. पाणी कुठवर येतं हे त्यांना रोज येता-जाता अंगाच्या उंचीशी ताडून बघता यावं, एवढीच कल्पना होती.

भिंत कोरी नव्हती. एका अभियानात तिच्यावर 'झाडे लावा, झाडे जगवा' आणि 'पाणी हेच जीवन' लिहून घेतलं होतं. त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा, एका कोपऱ्यात बाण काढलेलं बदाम, आणि मधोमध काळ्या-चंदेरी स्प्रेनं मोठ्या, फुगीर, एकमेकांत गुंतलेल्या देवनागरी अक्षरांत एक टोपणनाव. सरकारी घोषणा कुणी वाचत नव्हतं, कारण तीच ओळ त्याच निळ्या रंगात शेजारच्या प्रत्येक गावात आहे. स्प्रेचं नाव मात्र गावातल्या प्रत्येक पोराला माहीत होतं. एका जागेवर एका माणसानं स्वतः येऊन काहीतरी केलं, एवढ्यानंच भिंत बघावीशी वाटते हे मला तिथे उभं राहून पटलं.

भिंत कुणाची

सगळ्यात आधी हे शोधा. आम्ही धरून चाललो होतो की शाळेची भिंत म्हणजे शाळेची. ग्रामसेवकांनी दप्तर काढून दाखवलं: जमीन आणि इमारत जिल्हा परिषदेची, पण रस्त्याकडची कुंपणभिंत ग्रामपंचायतीनं पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून बांधलेली. म्हणजे दोन्हीकडची परवानगी लागणार. शहरात असाल तर भिंत महापालिकेची, रेल्वेची, वीज कंपनीची की सोसायटीची हे आधी लेखी समजून घ्या. एकाच रस्त्यावरच्या सलग भिंतीचे दोन मालक असू शकतात.

कायद्याचंही थोडं वाचलं. आपल्या राज्यात १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधाचा कायदा आहे. लोकांना दिसेल अशा जागेवर परवानगीविना रंगानं, शाईनं, खडूनं लिहिलं किंवा चित्र काढलं, तर तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हा कायदा चित्र सुंदर आहे का, संदेश चांगला आहे का, हे विचारत नाही. परवानगी आहे का, एवढंच विचारतो. ग्राफिटी आणि स्ट्रीट आर्ट यांच्यातला फरक लोक सौंदर्यावरून सांगतात, ते मला आता पटत नाही. कागदावर फरक परवानगीचा आहे. आणि भिंतीवर तो 'हे कुणासाठी लिहिलं' याचा आहे. न्यूयॉर्कमध्ये १९७१ च्या सुमारास 'टाकी १८३' असं जिकडेतिकडे लिहिणारा पोरगा सामान वाटत हिंडणारा होता, १८३ हा त्याच्या रस्त्याचा क्रमांक. मी इथून गेलो, एवढंच तो सांगत होता, आणि ते त्याच्यासारख्याच दुसऱ्या पोरांना बरोबर कळत होतं. आमच्या भिंतीवरचं टोपणनाव त्याच जातीचं. मला मात्र दूध घालायला जाणाऱ्या आजीशी आणि पहिलीच्या पोराशी बोलायचं होतं, आणि मग त्यांना विचारल्याशिवाय सुरुवात करणं मला योग्य वाटत नव्हतं.

अर्ज, समिती, ग्रामसभा

अर्ज एका पानाचाच ठेवला. भिंतीची लांबी-उंची (सुमारे सत्तर फूट बाय आठ फूट), काय काढणार, कोणता रंग वापरणार, खर्च कोण करणार, काम केव्हा चालेल, शाळेच्या वेळेत मुलांना त्रास होणार नाही याची हमी, जाहिरात नसेल याची हमी, आणि तीन वर्षं देखभाल आम्ही करू असं लेखी. सोबत ए-थ्री कागदावर रंगीत कच्चं चित्र. हे चित्र नक्की जोडा. नुसतं 'सामाजिक संदेशाचं चित्र' असं लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोक्यात भलतंच काही येतं आणि तो सही करायला कचरतो. प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घालून पोच घ्या. पुढे कुठेही गेलं तरी पहिला प्रश्न "आवक नंबर काय?" हाच असतो.

सप्टेंबरमध्ये शाळा व्यवस्थापन समितीची बैठक झाली. पालकांनी लगेच होकार दिला, मुख्याध्यापकांनी ठराव लिहिला. मग २ ऑक्टोबरची ग्रामसभा. विषयपत्रिकेवर विषय आधी घालून घ्यावा लागतो, ऐन वेळच्या विषयात गेला तर चर्चा होत नाही. आमचा विषय शेवटून दुसरा होता, तोवर निम्मी माणसं उठून गेली होती. जी राहिली त्यांनी मात्र कसून विचारलं.

पहिली मागणी, भिंतीवर सरपंच-सदस्यांची नावं आणि नेत्यांचे फोटो हवेत. मी तिला नाही म्हटलं नाही. एवढंच विचारलं की आचारसंहिता लागली की नावांच्या पाट्या झाकाव्या लागतात, मग दर निवडणुकीला चित्रावर कागद चिकटवायचा का? विधानसभेची निवडणूक तोंडावर होती, त्यामुळे सगळ्यांना चटकन समजलं. ठरलं असं की खाली एका ओळीत 'समस्त ग्रामस्थ, २०२५' एवढंच.

दुसरी हरकत गंभीर होती. गावाबाहेर प्लॉट पाडलेले एक गृहस्थ उठले. पुराची रेघ रस्त्यावर रंगवली तर जमिनीचे भाव पडतील, म्हणाले. सभा शांत झाली. मग खालच्या आळीतल्या एक आजी बसल्या जागेवरून बोलल्या, "रेघ पुसली म्हणून पानी थांबतंय व्हय? माझी दोन म्हसरं गेली, ती कुठल्या भावात धरायची?" त्यावर कुणी काही बोललं नाही. खालच्या आळीत पाणी सगळ्यात आधी शिरतं आणि सगळ्यात शेवटी ओसरतं. ज्यांच्या घरात पाणी येतच नाही, त्यांनी भिंतीवर काय असावं हे एकट्यानं ठरवू नये, असं मला तेव्हा प्रकर्षानं वाटलं. ठराव मंजूर झाला. हा वाद भिंत रंगवून झाल्यावर झाला असता तर चित्रावर कुणीतरी डांबर फासलं असतं. परवानगीची पायरी मला अडथळा वाटत नाही ती यासाठी.

थांबलेले आठवडे

दोन्ही ठराव, कच्चं चित्र आणि हमीपत्र जोडून प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेला. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि निकाल लागेपर्यंत, म्हणजे २३ नोव्हेंबरपर्यंत, काही हलणं शक्यच नव्हतं. सगळे कर्मचारी निवडणुकीच्या कामाला. दिवाळीच्या सुट्टीत रंगवायचं ठरवलं होतं ते गेलं. या काळात मला फार उदास वाटायचं. ठराव हातात असून भिंतीसमोरून नुसतं जायचं. तुमच्याकडे कधीही एखादी निवडणूक जवळ असेल तर तिची तारीख आधी बघा आणि तेवढे महिने हिशेबातून वजा करूनच लोकांना शब्द द्या.

डिसेंबरच्या मध्यावर तिकडून प्रश्न आला, आणि तो रास्त होता: ही रेषा अधिकृत आहे का? पाटबंधारे खात्याच्या पूररेषा असतात. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. बांधकामाच्या परवानग्या त्यांवर ठरतात. आमची रेघ कुणी ती समजू नये. आम्ही दोन गोष्टी लिहून दिल्या: चित्रात पातळीसाठी लाल आणि निळा रंग वापरणार नाही, आणि भिंतीवर 'पातळ्या ग्रामस्थांच्या नोंदींवरून' असं ठळक लिहू. डिसेंबरअखेर ना हरकत पत्र मिळालं. त्याच्या तीन झेरॉक्स काढल्या: एक शाळेत, एक ग्रामपंचायतीत, एक रंगकाम करताना खिशात. खिशातली दोनदा तरी उपयोगी पडली, येणारा-जाणारा कुणीही थांबून विचारतो.

पातळी भिंतीवर कशी आणली

हा भाग मला सगळ्यात जास्त आवडला. २०१९ ची खूण एका घराच्या चौकटीवर होती. पाणी दारात थांबलं त्या रात्री घरातल्या मुलानं खिळ्यानं ओढलेली. २०२१ ची डेअरीच्या आतल्या भिंतीवर, डाग अजून दिसतो. २००५ ची देवळाच्या ओवरीतल्या खांबावर, कुणीतरी ऑईल पेंटनं पट्टा मारलेला. प्रत्येक खुणेसाठी वेगवेगळ्या घरांतल्या तिघा-चौघांना विचारलं. फुटाचा फरक कुणाच्याच सांगण्यात नव्हता, चार-सहा बोटांचा होता.

या खुणा शाळेच्या भिंतीवर न्यायला गवंड्यानं लेव्हलची नळी आणली. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, एक टोक खुणेशी धरायचं, दुसरं भिंतीशी. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला थांबतं. नळीत हवेचा बुडबुडा राहता कामा नये, आणि चालताना दोन्ही टोकं अंगठ्यानं बंद ठेवायची. नळी पुरली नाही तिथे मध्ये विजेच्या खांबावर खूण करून पुढे गेलो. पोरांची झुंबड उडाली होती. २००५ ची रेघ माझ्या गुडघ्याजवळ आली, २०२१ ची कमरेपाशी. २०१९ ची रेघ मारायला गवंड्यानं हात वर नेला तेव्हा ती माझ्या डोक्याच्या वर होती. मी तो पूर बघितला होता, तरी घशाशी आलं. एक दुसरीतला मुलगा त्या रेघेखाली उभा राहिला आणि वर बघत म्हणाला, "म्हंजे मी बुडलो असतो."

पोपडे, लोणा आणि दोन अक्षरकार

जानेवारीत भिंतीची तयारी. पुरात भिजलेल्या भिंतीला खालून लोणा लागलेला असतो, पांढरे क्षार वर येतात आणि त्यावर कितीही महाग रंग दिला तरी पोपडे सुटतात. तारेच्या ब्रशानं खरवडून, फुगलेला गिलावा फोडून, नवा सिमेंटचा गिलावा करून तो नीट वाळू दिला. खालच्या ओलसर भागाला पुट्टी लावली नाही. वर बाहेरच्या भिंतीसाठीचा प्रायमर, मग एक्स्टिरिअर इमल्शन. चित्र नेण्यासाठी फूट-फूटाचे चौकोन आखले, तेच कच्च्या चित्रावर. कोवळ्या उन्हात आणि संध्याकाळी काम करा. दुपारी तापलेल्या भिंतीवर रंग ब्रशाखालीच सुकतो.

स्प्रेनं नाव लिहिणारा मुलगा कोण हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. आयटीआयला शिकणारा, विशीतला. भिंत पांढरी करायच्या आधी मी त्याला भेटले, कारण ते त्याचं काम होतं आणि आम्ही ते पुसणार होतो. भिंतीवर अंक आणि अक्षरं तू काढशील का, असं विचारलं. तो म्हणाला, "परवानगी काढून करायचं तर त्यात काय राहिलं, ताई?" मला त्याचं म्हणणं चुकीचं वाटलं नाही. कुणी न विचारता, रात्रीत, स्वतःच्या जोरावर लिहिण्यात जे आहे ते ठरावात बसत नाही. मी त्याला अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचं सांगितलं. १९८४ मध्ये तिथल्या शहर प्रशासनानं ग्राफिटी थांबवण्यासाठी मोहीम काढली, जेन गोल्डन या चित्रकर्तीनं त्याच पोरांना हाताशी धरून भित्तिचित्रं सुरू केली, आणि आज ते शहर भित्तिचित्रांसाठी ओळखलं जातं. तो ऐकून निघून गेला. आठवड्यानं आपणहून आला, आणि त्याची एकच अट होती: अक्षरं माझ्या पद्धतीची.

दुसरे अक्षरकार आमचे पेंटरकाका. ट्रकच्या पाठी, दुकानांच्या पाट्या, तालमीचे फलक यांत त्यांचं आयुष्य गेलं. फ्लेक्स आल्यावर काम जवळजवळ थांबलं. दोघांची पहिल्या दिवशी जुंपली. काकांना शिरोरेघ सरळ हवी, पोराला ती वितळल्यासारखी वाकवायची. शेवटी २००५ ची पट्टी काकांनी चपट्या ब्रशानं लिहिली, २०१९ ची पोरानं, पाण्यात हलणाऱ्या अक्षरांत. २०२१ ला दोघे एकाच फळीवर बसले होते. काकांनी त्याला कडेला रंग न ओघळता ब्रश कसा उचलायचा ते दाखवलं, त्यानं काकांना स्प्रेनं सावली कशी द्यायची ते. मला भिंतीवरच्या बाकी कुठल्याही भागापेक्षा ती पट्टी जास्त आवडते.

चित्रात भलेमोठे उपदेश नाहीत. प्रत्येक रेघेखाली त्या पुरात बुडालेल्या वस्तू गावकऱ्यांनी सांगितल्या तशा: गोबरगॅसची टाकी, कणगी, वह्या, शिलाई मशीन, सायकल. वरच्या कडेला गायरानाकडे निघालेली म्हसरं, आणि त्यांच्यामागून माणसं. उजवीकडे मोजकी कामाची माहिती: आयर्विन पूल, इशारा ४० फूट, धोका ४५ फूट. जनावरं आधी हलवा. कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत. कुठल्या रस्त्यानं निघायचं त्याचा बाण. दिशा कोणती हे खालच्या आळीतल्या बायकांनी ठरवलं, कारण २०१९ मध्ये कुठला रस्ता आधी बंद झाला हे त्यांनाच नेमकं माहीत होतं.

खर्च

गवंडीकाम ६,५०० रुपये, प्रायमर २,४००, रंग ९,८००, ब्रश-रोलर-टेप वगैरे १,९००, पेंटरकाकांची मजुरी ८,०००, वरचा पारदर्शक थर २,६००. एकूण ३१,२००. गवंडीकाम ग्रामपंचायतीनं दुरुस्तीच्या खर्चातून केलं. रोख पैसे मागण्यापेक्षा काम मागितलं तर लवकर मिळतं, हा माझा अनुभव. तरुण मंडळानं ५,०००, माजी विद्यार्थ्यांनी १२,००० दिले, उरलेलं मी घातलं. परांची एका ठेकेदारानं फुकट दिली. स्प्रेवाला मुलगा पैसे घ्यायला तयार नव्हता, त्याला स्प्रेचे डबे आणून दिले. शक्य असेल तर कलाकाराला मजुरी द्याच. सामाजिक काम आहे म्हणून पेंटरनं फुकट करावं ही अपेक्षा बरोबर नाही, त्याचं पोट त्याच हातावर आहे.

त्यानंतर

पहिला पावसाळा भिंतीनं बरा काढला. खालच्या फूटभर भागात शेवाळ धरलं, दोन ठिकाणी रंग उचलला. ठरावात दर मे महिन्यात धुऊन डागडुजी असं आहे, त्यासाठी उरलेला रंग झाकण घट्ट करून, रंगाचा क्रमांक आणि तारीख लिहून शाळेच्या कपाटात ठेवलाय. ही चिठ्ठी लावायला विसरू नका, नंतर तीच छटा जुळवणं फार अवघड जातं. शिक्षक पाचवीच्या मुलांना भूगोलाच्या तासाला भिंतीपाशी नेतात, पट्टीनं उंची मोजायला लावतात.

स्प्रे थांबला नाही. चित्रावर कुणी हात लावला नाही, पण समाजमंदिराच्या मागच्या भिंतीवर तीन नवी नावं आली, त्यातली दोन त्या स्प्रेवाल्या मुलाकडून शिकलेल्या पोरांची. तक्रार करायची बोलणी सुरू झाली. मी विरोध केला. सगळ्या भिंती ठरावानं रंगवायच्या आणि पोरांना स्वतःचं नाव लिहायला एकही ठेवायची नाही, हे मला मान्य नाही. पाण्याच्या टाकीखालची भिंत पोरांसाठी मोकळी ठेवावी, तिथे काय लिहायचं ते त्यांनी ठरवावं, फक्त शिव्या आणि कुणाची बदनामी नको, असा अर्ज त्या मुलानं स्वतः लिहिलाय. पोच घेतली आहे. विषय २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आहे.